वजनदार ब्लँकेटने झोप वाढते का? एका ट्रायलची गोष्ट आणि माझी एक चूक



गेल्या महिन्यात रात्री पावणेबाराला ताईचा फोन आला. मी रिव्ह्यू चॅप्टरमध्ये डोकं घालून बसले होते. ताई दबक्या आवाजात म्हणाली, "आत्ता झोपला बघ. नऊ वाजल्यापासून चाललंय."

माझा भाचा सात वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मिक्सर सुरू झाला की तो कान दाबून गॅलरीत पळतो. शर्टाच्या मानेमागचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगात घालत नाही. रात्री तर सगळंच टोचायला लागतं. चादरीची सुरकुती, पंख्याची टकटक, डासांच्या लिक्विडचा वास, शेजारच्या टीव्हीचा आवाज. दिवसभराची थकलेली ताई आणि थकूनही न झोपणारा तो, असा रोजचा सामना.

तर फोनचं कारण असं, की तिने मुलांसाठीच्या वजनदार ब्लँकेटची जाहिरात पाहिली होती. आत बारीक मणी भरलेलं जड पांघरूण. किंमत साडेचार हजार, आणि खाली लिहिलेलं 'संशोधनाने सिद्ध'. ताई म्हणाली, "तू संशोधन करतेस ना, मग सांग. घेऊ का?"

मी दहा मिनिटं शोधलं, एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचला आणि मेसेज टाकला: "२०१४ चा ट्रायल आहे. उपयोग होत नाही. पैसे वाचव."

दोन दिवसांनी पूर्ण पेपर वाचला तेव्हा कळलं, की मी मेसेजमध्ये पेपरपेक्षा जास्त बोलले होते. आजचा लेख त्या जास्तीच्या बोलण्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा नेट-सेटची तयारी करत असाल, कुणी सिनॉप्सिस लिहीत असाल. एक पेपर नीट वाचणं म्हणजे काय, हे या उदाहरणावरून पाहू. आणि कुणाच्या घरी असं मूल असेल, तर शेवटचा भाग त्यांच्यासाठीही आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

'सेन्सरी इश्यू' हा शब्द हल्ली शाळेतही ऐकू येतो. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच इंद्रियं आपल्याला पाठ असतात. यात आणखी दोन जाणिवा धरायच्या. एक कानाच्या आतल्या भागातून येणारी तोलाची जाणीव. दुसरी स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणारी जाणीव, जिला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. डोळे मिटूनही तुमचा हात कुठे आहे हे तुम्हाला कळतं, ते हिच्यामुळे.

काही मुलांना ही माहिती फार तीव्र वाटते, काहींना फार कमी जाणवते, तर काही मुलं ती मुद्दाम शोधत फिरतात: उड्या मारतात, भिंतीला टेकून जोर लावतात. एकाच मुलात हे तिन्ही प्रकार असू शकतात. या विषयाची पायाभरणी अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी केली. त्यांचं सेन्सरी इंटिग्रेशनवरचं पुस्तक १९७२ चं. पुढे २०१३ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने 'डीएसएम-५' काढलं, त्यात संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांमध्ये आलं. मात्र 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' असं स्वतंत्र निदान त्या पुस्तकात नाही. सिनॉप्सिस लिहिताना हा फरक सांभाळा. लक्षण म्हणून मान्यता असणं वेगळं आणि स्वतंत्र आजार म्हणून मान्यता असणं वेगळं.

संबंध दिसला, पण कारण कुठलं?

२०१५ मध्ये मायकाह मझुरेक आणि ग्रेगरी पेट्रोस्की यांनी उत्तर अमेरिकेतल्या ऑटिझम असलेल्या १,३४७ मुलांची माहिती तपासली. वयं २ ते १७. संवेदनांचा अतिप्रतिसाद, चिंता आणि झोपेच्या तक्रारी या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आढळल्या.

इथे पहिला खड्डा आहे. वाचताना मन लगेच वाक्य बनवतं: संवेदना तीव्र, म्हणून झोप येत नाही. ते खरं असूही शकेल. पण झोप झाली नाही की आवाज जास्त टोचतो, हा तर आपला स्वतःचाही अनुभव आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागलात की सकाळी कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही. म्हणजे बाण उलटा असू शकतो, किंवा दोन्हीकडून असू शकतो. एकाच वेळी घेतलेल्या माहितीतून बाणाची दिशा ठरवता येत नाही. दिशा शोधायची तर काहीतरी बदलून पाहावं लागतं. त्यासाठीच ट्रायल करतात.

जड पांघरुणाची कल्पना आली कुठून?

अंगावर सारखा, खोल दाब पडला की काही माणसांना शांत वाटतं. टेम्पल ग्रँडिन या स्वतः ऑटिझम असलेल्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ. गुरांना लस टोचताना ज्या पिंजऱ्यात धरतात, त्यात दाब पडल्यावर काही जनावरं शांत होतात, हे त्यांनी तरुणपणी पाहिलं आणि स्वतःसाठी दाब देणारं यंत्र बनवलं. १९९२ मध्ये त्यांनी खोल दाबाच्या परिणामावर लेखही लिहिला.

आपल्याकडे ज्यांनी आजीच्या चार-सहा जुन्या लुगड्यांच्या गोधडीत थंडी काढलीय, त्यांना ही कल्पना समजावून सांगायला नको. पण 'बरं वाटतं' आणि 'झोप वाढते' ही दोन वेगळी विधानं आहेत. जाहिरातीत ती एकमेकांना चिकटवलेली असतात. संशोधकाला ती आधी सोडवून घ्यावी लागतात.

२०१४ चा ट्रायल

पॉल ग्रिंग्रास आणि सहकाऱ्यांचा हा ब्रिटनमधला ट्रायल 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात २०१४ मध्ये आला. ५ ते १६ वर्षं वयाची, ऑटिझमचं पक्कं निदान असलेली आणि झोपेचा गंभीर त्रास असलेली मुलं त्यात घेतली होती. नेहमीचे उपाय करूनही ज्यांना फरक पडला नव्हता, अशी. ७३ मुलं दाखल झाली आणि ६७ मुलांनी अभ्यास पूर्ण केला.

रचना क्रॉसओव्हर होती. म्हणजे प्रत्येक मुलाने दोन आठवडे वजनदार ब्लँकेट वापरायचं आणि दोन आठवडे दिसायला तसंच पण हलकं ब्लँकेट वापरायचं. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं.

असं का? समजा निम्म्या मुलांना जड आणि निम्म्यांना हलकं दिलं असतं. मुलामुलांच्या झोपेत मुळातच इतका फरक असतो, की ब्लँकेटचा परिणाम त्या गोंधळात हरवून गेला असता. क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, त्यामुळे कमी मुलांतही उत्तर मिळू शकतं. क्रम चिठ्ठीने ठरवायचा, कारण दुसऱ्या पंधरवड्यात परीक्षा असू शकते, उकाडा वाढू शकतो, किंवा मूल अभ्यासालाच सरावू शकतं. सगळ्यांनी जड ब्लँकेट नंतर वापरलं असतं, तर त्याचं श्रेय किंवा खापर ब्लँकेटवर आलं असतं.

आणि हलकं ब्लँकेट हवंच कशाला, आधीच्या झोपेशी तुलना का नाही? यामागचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माणूस उपाय शोधतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. ताईचा फोनही अशाच आठवड्यात आला होता. वाईट आठवड्यानंतर, काहीही न करता, बऱ्याचदा जरा बरा आठवडा येतोच. याला 'रिग्रेशन टू द मीन' म्हणतात. त्या वेळी घरात जे नवं आलेलं असेल, त्याला शाबासकी मिळते, मग ते ब्लँकेट असो, ताईत असो की एखादं महागडं तेल.

निकाल असा: वजनदार ब्लँकेटमुळे एकूण झोपेची वेळ वाढली नाही. झोपेच्या आणि वागण्याच्या इतर मापांवरही दोन्ही ब्लँकेटांत फरक आढळला नाही. पण मुलांना आणि पालकांना विचारलं, तर त्यांची पसंती वजनदार ब्लँकेटला होती.

शेवटचं वाक्य मी त्या रात्री वाचलं होतं. तरी मेसेजमध्ये लिहिलं नाही.

झोप मोजली कशी?

हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग, कारण माझं पीएचडीचं काम हालचालीच्या सेन्सरवरच आहे. या ट्रायलमध्ये मुख्य माप अ‍ॅक्टिग्राफीचं होतं. मनगटावर घड्याळासारखं यंत्र, आत अ‍ॅक्सेलरोमीटर. तो हालचाल नोंदवतो. हालचाल बराच वेळ थांबली की सॉफ्टवेअर म्हणतं, झोप लागली.

म्हणजे यंत्र झोप मोजत नाही, हालचाल मोजतं. झोप हा त्यावरून काढलेला अंदाज. मूल छताकडे बघत शांत पडून राहिलं, तर यंत्र फसतं आणि त्याला झोपलेलं समजतं.

आता इथे थांबून एक विचार करा. जड ब्लँकेटखाली हातपाय हलवणंच जरा कठीण होतं. मग यंत्राची चूक कोणाच्या बाजूने झाली असती? जागं असलेलं मूल कमी हललं असतं आणि यंत्राने जास्त झोप दाखवली असती. म्हणजे या मापात काही कल असलाच, तर तो जड ब्लँकेटला फायदा देणारा. तरीही फरक दिसला नाही. त्यामुळे 'झोप वाढली नाही' हा निष्कर्ष यंत्राच्या या त्रुटीने डळमळीत होत नाही. पेपरमधली त्रुटी शोधणं सोपं असतं. ती त्रुटी निकालाला कोणत्या दिशेने ढकलते, हे सांगता आलं की तुम्ही संशोधकासारखं वाचायला लागलात असं समजा. व्हायव्हामध्ये परीक्षक नेमकं हेच विचारतात.

मग ते आवडलं का?

दोन्ही ब्लँकेटं सारखी दिसत होती हे खरं, पण वजन लपवता येत नाही. अंगावर घेतलं की मुलाला कळतं, उचललं की आईला कळतं. गोळीच्या ट्रायलमध्ये औषध आणि साखरेची गोळी सारखी बनवता येते, तसं इथे जमत नाही. त्यामुळे पसंतीमध्ये अपेक्षेचा वाटा किती आणि ब्लँकेटचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

म्हणून दोन्ही टोकाची वाक्यं चूक ठरतात. 'आवडलं, म्हणजे उपयोग होतो' हे जाहिरातीचं वाक्य. 'झोप वाढली नाही, म्हणजे उपयोग नाही' हे माझं. पेपर एवढंच सांगतो, की ६७ मुलांच्या सरासरीत झोप वाढली नाही आणि पसंती मात्र मिळाली. या सरासरीमागे एखाद्या मुलाला फायदा आणि दुसऱ्याला त्रास झाला असेल का, हे सरासरी सांगू शकत नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०२० मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांच्या झोपेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही हेच आहे, की वजनदार ब्लँकेटने झोप सुधारते याचा पुरावा नाही. सुरुवात दिनक्रम आणि सवयींच्या उपायांनी करावी, त्याने भागलं नाही तर डॉक्टरांनी मेलाटोनिनचा विचार करावा, असा त्यांचा क्रम.

मेलाटोनिनचं नाव आलंच आहे, तर तेही मोजून घ्या. ग्रिंग्रास यांच्याच गटाचा २०१२ चा ट्रायल, १४६ मुलं, १२ आठवडे. मेलाटोनिन घेणारी मुलं बरीच लवकर झोपली. पण पालकांच्या डायरीनुसार एकूण झोप वाढली ती सरासरी २२.४ मिनिटं, कारण ती मुलं सकाळी उठतही लवकर होती. 'लवकर झोप लागणं' आणि 'जास्त झोप होणं' ही इथेही दोन वेगळी मापं निघाली. तेव्हा मेडिकलमधून आपल्याच मनाने मेलाटोनिनच्या गोळ्या आणून मुलाला देऊ नका.

ताईला पुन्हा फोन केला

या वेळी सल्ला देण्याआधी विचारलं, "तुला नक्की काय हवंय? त्याने जास्त तास झोपावं, लवकर झोपावं, की झोपताना रडू नये?"

ताई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याने रडू नये. आणि मला अर्धा तास मिळावा. दाजींशी दोन शब्द बोलायला."

मी तासांचं उत्तर पाठवलं होतं आणि तिचा प्रश्न तासांचा नव्हताच. रिसर्चच्या भाषेत, मी आउटकम न विचारताच निकाल सांगितला होता.

मग आम्ही दोघींनी एक गोष्ट ठरवली: १४ दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. वहीत पाच रकाने. दुपारी झोपला का, अंथरुणावर किती वाजता गेला, झोप किती वाजता लागली, रडला का, त्या वेळी खोलीत काय चालू होतं. बालरोगतज्ज्ञांकडेही एकदा जाऊन यायला सांगितलं. घोरणं, बद्धकोष्ठता, पोटातली जळजळ, फिट्स, लोह कमी असल्याने पायांची वळवळ, अशी झोप मोडणारी बरीच कारणं असतात आणि जे मूल नीट सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत ती 'सेन्सरी'च्या नावाखाली झाकली जातात.

वहीत जे निघालं, ते आमच्या दोघींच्याही डोक्यात नव्हतं. उशिरा झोपण्याच्या बहुतेक रात्री त्याच दिवसांच्या होत्या, ज्या दिवशी तो शाळेच्या व्हॅनमध्ये संध्याकाळी पाऊण तास झोपून आला होता. आणि रडण्याच्या रात्री होत्या त्या लिक्विडचं मशीन लावल्याच्या.

मग एकेक बदल केला, प्रत्येकी एक आठवडा देऊन. आधी मशीन बंद आणि मच्छरदाणी, तीही लेबल कापलेली. मग व्हॅनमधल्या ताईंना सांगून त्याला खिडकीशी गाणी लावून जागं ठेवणं. मग झोपायच्या आधीचा क्रम रोज तोच: दात घासणं, कोमट पाण्याने पाय धुणं, मंद दिवा, एक पुस्तक. या चार गोष्टींची चित्रं काढून भिंतीवर लावली, म्हणजे पुढे काय हे त्याला विचारावं लागत नाही. अंथरुणावर नेण्याची वेळ नऊवरून सरळ साडेदहा केली, त्याला झोप खरंच येऊ लागते त्या वेळेच्या जवळ. मग दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणली. उठायची वेळ मात्र एकच, रविवारीसुद्धा.

आणि जड पांघरूण? साडेचार हजार न घालता आजीची गोधडी काढली. अट अशी, की ती त्याला स्वतःला बाजूला सारता आली पाहिजे, तोंडावर कधीच घ्यायची नाही, गुंडाळायची नाही आणि उकाड्यात वापरायची नाही. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, जाड पांघरूण त्याच्या आड येऊ शकतं. तान्ह्या बाळांवर तर वजनदार काहीही घालू नये. २००८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात एका शाळेत वजनदार ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता. त्यामुळे या अटी मी ताईकडून दोनदा वदवून घेतल्या. त्याने गोधडी एक रात्र घेतली आणि पायाने ढकलून दिली. त्याला नको होती, विषय संपला.

आता तो बहुतेक रात्री सव्वादहाच्या सुमारास झोपतो. रडणं आठवड्यातून एखाद्या वेळी. पण इथे तुम्ही मला अडवायला हवं. आम्ही सुरुवात वाईट काळात केली होती. बदल एकामागून एक केले, उलटवून पाहिले नाहीत. मोजणारी आईच, आणि तिला काय बदललंय ते माहीत. मशीन पुन्हा लावून बघायला हवं होतं, मग पुन्हा बंद. ताईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या पेपरसाठी मी त्याला परत रडवणार नाही." तिचं बरोबर आहे. घराला उत्तर पुरेसं असतं, पुराव्याची गरज आपल्याला असते. त्यामुळे हे ताईच्या घराचं उत्तर आहे, तुमच्या शेजाऱ्यांच्या मुलासाठी ते जसंच्या तसं नेऊ नका. नेण्यासारखी आहे ती वही.

तुमच्यासाठी एक काम

तुमच्या विषयातला कोणताही एक ट्रायल किंवा प्रयोग घ्या आणि चार ओळी लिहा. मोजलं काय? ते कशावरून मोजलं? मापातली चूक निकालाला कोणत्या बाजूला ढकलते? आणि ज्याच्यासाठी हा अभ्यास आहे, त्या माणसाचा प्रश्न नेमका हाच होता का?

चौथी ओळ लिहायला फोन करावा लागला, तर करा. फक्त रात्री पावणेबाराला नको, कुणाचं तरी मूल नुकतंच झोपलेलं असतं.